बाबासाहेबांच्या हातातली काठी

१४ ऑक्टोबर १९५६. विजयादशमीचा दिवस, सकाळची वेळ. नागपूरच्या मैदानात लाखोंचा जनसमुदाय. पांढरे रेशमी धोतर आणि पांढरा कोट घातलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर मंचावर आले, तेव्हा त्यांच्या एका हातात काठी होती आणि दुसरा हात होता त्यांचे सचिव नानकचंद रत्तू यांच्या खांद्यावर. वय ६५. मधुमेहाने आणि नसांच्या दुखण्याने पाय थकले होते. पुतळ्यांमध्ये आपण पाहतो ते बाबासाहेब ताठ उभे असतात, हातात ग्रंथ असतो. काठी तिथे नसते. पण आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या निर्णयाच्या दिवशी ती त्यांच्या हातात होती, आणि त्यांनी ती लपवली नाही.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या कितीतरी घरांत अशी एक काठी दाराआड किंवा माळ्यावर पडून असते. बाबांचा मधुमेह जुना झालेला असतो, तळपायांना नीट कळत नसते, चालताना तोल जातो. काठी आणलेली असते. पण बाबा ती घेत नाहीत आणि घरचेही आग्रह धरत नाहीत. लोक काय म्हणतील, हा प्रश्न दोघांच्याही मनात असतो. सतत वाढत जाणाऱ्या आजारात चालण्याचे साधन केव्हा आणि कोणते निवडायचे, याचे उत्तर शोधताना बाबासाहेबांचे आयुष्य त्यांच्या पावलांच्या अंगाने वाचून पाहण्यासारखे आहे.

त्यांचा जन्म १४ एप्रिल १८९१चा, महूचा. बालपण साताऱ्यात गेले. १९०१ साली भावंडे सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावला नोकरीवर असलेल्या वडिलांना भेटायला निघाली. मसूर स्थानकावर उतरल्यावर जात कळली आणि एकही गाडीवान त्यांना गाडीत घेईना. शेवटी एक जण तयार झाला, पण दुप्पट भाड्यावर. शिवाय गाडी मुलांनीच हाकायची आणि तो बाजूने पायी चालणार. थोरल्या भावाने कासरा हातात घेतला. वाटेत पाणीही मिळाले नाही. रात्र तहानेने काढावी लागली. वाहन हे केवळ सोयीचे साधन नसते, त्याला समाजाची नजर चिकटलेली असते, हे त्या मुलाला दहाव्या वर्षी कळले.

पुढे मुंबईतले शिक्षण, १९१३ साली न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ, नंतर लंडन. या काळात रात्र रात्र वाचन, अपुरी झोप आणि पोटाला चिमटा हे त्यांच्या दिनक्रमाचे भागच झाले. परत आल्यावर वकिली, अध्यापन आणि चळवळ एकाच वेळी सुरू झाली. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या परिषदेतून हजारो लोक रांगेने चवदार तळ्याकडे चालत निघाले, तेव्हा बाबासाहेब अग्रभागी होते. त्याच वर्षी मे महिन्यात आपल्या शेजारच्या बदलापुरात शिवजयंतीच्या उत्सवाचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. तेव्हा वय होते ३६, आणि पायांत बळ होते.

दोन वर्षांनी एक अपघात झाला. ठिकाण होते चाळीसगाव, कल्याणहून नाशिकमार्गे भुसावळकडे जाणाऱ्या रेल्वेवरचे. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे ते सदस्य होते. धुळ्याकडचे काम आटोपून ऑक्टोबर १९२९मध्ये ते संध्याकाळी चाळीसगावला उतरले. स्थानिक लोकांनी रात्री वस्तीवर मुक्कामाचा आग्रह केला होता. वस्ती स्थानकापासून जवळ, चालत जाण्याइतकी. मधे नदीवर एक छोटा पूल होता. तरीही त्यांना तासभर स्थानकावर थांबावे लागले. नंतर टांगा आला. थोड्याच वेळात तो पुलावर कठड्याला धडकला. बाबासाहेब बाहेर दगडी फरशीवर फेकले गेले, घोडा आणि टांगा नदीत कोसळला. त्यांच्या पायाचे हाड मोडले आणि काही दिवस त्यांना हिंडताफिरता येईना.

नंतर खरी गोष्ट कळली. कोणताही टांगेवाला अस्पृश्य प्रवाशाला घेऊन टांगा हाकायला तयार नव्हता. आपल्या नेत्याला पायी चालवत नेणे वस्तीतल्या लोकांना कमीपणाचे वाटले. म्हणून त्यांनी टांगा भाड्याने घेतला आणि कधीही टांगा न हाकलेल्या आपल्यापैकीच एकाच्या हाती लगाम दिला. बाबासाहेबांनी ही घटना पुढे आपल्या आठवणींत लिहिली. आपला मान राखण्याच्या प्रयत्नात या माणसांनी आपला जीवच धोक्यात घातला, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यात राग त्या भोळ्या माणसांवर नव्हता. ज्या व्यवस्थेने त्यांना मान आणि सुरक्षितता यांपैकी एकच निवडायला लावले, तिच्यावर होता.

ही घटना जातीच्या अन्यायाची आहे, आणि ती तशीच वाचली पाहिजे. आपल्या घरातल्या आजारपणाशी तिची बरोबरी होऊ शकत नाही. पण मान आणि सुरक्षितता यांची चुकीची फारकत कशी घातक ठरते, हे तिच्यातून लख्ख दिसते. आजोबांना काठीशिवाय चालू देताना, व्हीलचेअरऐवजी दोघांनी बखोटीला धरून जिन्यावरून उतरवताना आपणही मनात त्यांचा मानच जपत असतो. परिणाम पुष्कळदा खुब्याच्या मोडलेल्या हाडात दिसतो.

१९३० आणि १९४०ची दशके बाबासाहेबांसाठी अखंड कामाची होती. गोलमेज परिषदा, १९३५मध्ये रमाबाईंचे निधन, १९४२पासून व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते, मग स्वतंत्र भारताचे कायदामंत्रिपद आणि ऑगस्ट १९४७पासून संविधान मसुदा समितीचे अध्यक्षपद. याच काळात शरीराने इशारे द्यायला सुरुवात केली. मधुमेह, रक्तदाब, सांध्यांचे दुखणे आणि पायांच्या नसांचा दाह. पायांतल्या वेदनेने त्यांच्या रात्रीच्या रात्री झोपेविना जात.

नसांचे हे दुखणे मधुमेहात नेमके काय करते? रक्तातली साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली की नसांना आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्यांना इजा होते. सर्वांत लांब नसा पावलांपर्यंत जातात, म्हणून त्रास आधी बोटांत आणि तळव्यांत सुरू होतो आणि मोजा चढवावा तसा वर सरकतो. काहींना जळजळ, टोचणी, रात्रीच्या कळा येतात. काहींना कळच येत नाही, पाय फक्त बधिर होतात. तळवा जमिनीची खबर मेंदूला देत असतो. ती खबर थांबली की माणूस डोळ्यांच्या भरवशावर तोल सांभाळतो. म्हणूनच असा रुग्ण दिवसा बरा चालतो आणि रात्री दिवा न लावता बाथरूमला जाताना पडतो.

त्या काळी उपचार मर्यादित होते. इन्सुलिनचा शोध १९२१ साली लागला होता. ते प्राण्यांच्या स्वादुपिंडातून काढलेले असे आणि काचेची सिरिंज उकळून टोचावे लागे. गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी आजची चाचणी नव्हती. १९४७-४८च्या सुमारास बाबासाहेब मुंबईत डॉ. मालवणकर यांच्याकडे उपचार घेत होते. तिथेच डॉ. शारदा कबीर काम करीत. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत दोघांचा विवाह झाला आणि त्या डॉ. सविता आंबेडकर झाल्या. पथ्य, इन्सुलिन, औषधांच्या वेळा हे सारे त्यांनी हाती घेतले. पत्नी आणि डॉक्टर या दोन्ही भूमिका एकाच व्यक्तीने पार पाडायच्या, ही सोपी गोष्ट नव्हे. आजही घरात सेवा करणाऱ्या सून, मुलगी किंवा पत्नीला हा ताण ठाऊक असतो.

विवाहानंतरच्या दीड वर्षात बाबासाहेबांनी काय केले ते पाहा. ४ नोव्हेंबर १९४८ला संविधानाचा मसुदा सभागृहापुढे मांडला, कलमागणिक चर्चेला उत्तरे दिली, आणि २६ नोव्हेंबर १९४९ला संविधान स्वीकारले गेले. ऑगस्ट १९५१मध्ये त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून आपली प्रकृती डॉक्टरांना काळजीची वाटत असल्याचे कळवले आणि हिंदू कोड बिल लवकर घ्यावे, अशी विनंती केली. पुढच्या महिन्यात त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. दुखण्याची कबुली देण्यात त्यांना संकोच नव्हता. वेळ किती उरला आहे याचा हिशेब करून ते कामे लावत होते. वाढत जाणाऱ्या आजारात हा हिशेब प्रत्येक कुटुंबाला करावा लागतो. बहुतेक जण तो टाळतात.

१९५२ साली मुंबईत आणि १९५४ साली भंडाऱ्यात त्यांना निवडणुकीत पराभव पत्करावा लागला. १९५४च्या डिसेंबरात प्रकृती बरी नसतानाही ते रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले. १९५५पासून प्रकृती झपाट्याने उतरली. आधाराशिवाय चालणे कठीण झाले. काठी आणि सोबत्याचा खांदा ही त्यांची चालण्याची दोन साधने झाली.

ही दोन्ही साधने साधी वाटतात, पण त्यांच्यामागे विज्ञान आहे. काठी भार तर पेलतेच. शिवाय उभे राहण्याचा पाया रुंद करते आणि तळव्याला न कळणारी जमिनीची खबर तळहाताला देते. मात्र ती मापाची हवी. नेहमीची चप्पल घालून सरळ उभे राहावे, हात सैल सोडावा. मनगटाची घडी जिथे येते तिथे काठीची मूठ यावी. धरल्यावर कोपर किंचित वाकलेले राहते. एक पाय जास्त अधू असेल तर काठी विरुद्ध हातात धरावी आणि अधू पायाबरोबर पुढे टाकावी. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आणि अधू पाय आधी. खालची रबरी टोपी झिजली की लगेच बदलावी. पावसाळ्यात ओल्या लादीवर झिजलेली टोपी घातक ठरते.

खांद्याचेही तसेच. नागपूरच्या त्या क्षणात बाबासाहेबांचा हात रत्तूंच्या खांद्यावर होता. रत्तू त्यांना ओढत नव्हते. फरक मोठा आहे. चालणारा माणूस आधार घेतो तेव्हा वेग आणि तोल त्याच्या ताब्यात राहतो. आपण त्याचा दंड पकडून ओढतो तेव्हा त्याचा तोल आपल्या हाती जातो आणि आपण चुकलो तर दोघेही पडतो. सोबत्याने कमजोर बाजूला, अर्धे पाऊल मागे राहून चालावे.

१४ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी भिक्खू चंद्रमणी यांच्याकडून बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि मग स्वतः जनसमुदायाला दिली. दुसऱ्या दिवशी याच मैदानावर त्यांनी दीर्घ भाषण केले. १६ ऑक्टोबरला चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, दीक्षा समारंभ झाला. नोव्हेंबरमध्ये ते काठमांडूच्या बौद्ध परिषदेत बोलले, लुंबिनी आणि कुशीनगरला जाऊन आले आणि महिनाअखेरीस दिल्लीला परतले. ५ डिसेंबरच्या रात्रीही ते आपल्या बुद्धावरील ग्रंथाच्या प्रस्तावनेवर काम करीत होते. ६ डिसेंबरला अलीपूर रोडच्या घरी झोपेतच त्यांचे महापरिनिर्वाण झाले. काठी हाती असतानाच्या शेवटच्या सात-आठ आठवड्यांत त्यांनी केलेला हा प्रवास आहे. काठीमुळे त्यांचे काही कमी झाले नाही. तिच्या आधाराने ते हवे तिथे पोहोचले.

आज आपल्या हाताशी त्यांच्यापेक्षा कितीतरी अधिक साधने आहेत. १९५५ सालीच मुंबईत हाजी अलीजवळ अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था सुरू झाली. तिथे साधनांची निवड आणि सराव दोन्ही होते. जवळच्या रुग्णालयातला फिजिओथेरपिस्टही हे काम करू शकतो. दुकानात जाण्याआधी त्याला भेटावे, कारण साधन आजाराच्या टप्प्यावर ठरते. चालताना भिंत किंवा फर्निचर धरावे लागू लागले, की काठीची वेळ झाली असे समजावे. चार पायांची काठी अधिक स्थिर असते, पण तिचे चारही पाय पायरीवर मावायला हवेत. दोन्ही पाय कमजोर असतील तर वॉकर. मात्र तो जिन्यावर चालत नाही. चाकांचा वॉकर ब्रेक दाबण्याइतकी हातात पकड असेल तरच घ्यावा. पार्किन्सनच्या रुग्णाची पावले मधेच अडकतात आणि चाके पुढे निघून जातात, हेही लक्षात ठेवावे.

व्हीलचेअर निवडताना घर आधी मोजा. आपल्याकडच्या जुन्या सदनिकांत बाथरूमचे दार अनेकदा दोन-सव्वादोन फुटांचे असते आणि नेहमीच्या व्हीलचेअरची एकूण रुंदी तेवढीच किंवा जास्त भरते. खुर्चीची बैठक कमरेपेक्षा साधारण दोन इंच रुंद असावी. फार मोठी घेतली तर माणूस एका बाजूला कलतो. बधिर पावलांसाठी पायठेवणी नीट हवी, नाहीतर पाय फरफटत जखम होते आणि ती कळतही नाही. बसूनच दिवस जात असेल तर चांगली गादी ही चैन नव्हे, जखमा टाळण्याची गरज आहे. प्रवेशद्वाराशी सहा इंचांची एक पायरी असेल तर तिच्यासाठी किमान सहा फुटांचा उतार लागतो. डोंबिवलीत लिफ्ट नसलेल्या तीन-चार मजली इमारती पुष्कळ आहेत. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या रुग्णासाठी महागड्या खुर्चीआधी तळमजल्यावरच्या भाड्याच्या घराचा विचार करणे कधी कधी शहाणपणाचे ठरते. रिक्षात चढण्याउतरण्याचा सराव, घडी घातलेली खुर्ची रिक्षात मावते का, हेही आधी पाहावे.

आजार वाढणारा असेल तर आजचे साधन सहा महिन्यांनी पुरेलच असे नाही. म्हणून व्हीलचेअर, वॉकर आधी भाड्याने किंवा रुग्णोपयोगी साहित्य देणाऱ्या सेवाभावी केंद्रातून आणून वापरून पाहावे. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षे आणि त्यावरील, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न दोन लाख रुपयांच्या आत असलेल्या ज्येष्ठांना साधनांसाठी एकदा ३००० रुपये मिळतात. चौकशी जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात करावी. मधुमेही रुग्णाने घरातही अनवाणी चालू नये, रोज रात्री तळपाय पाहावेत किंवा घरच्यांकडून पाहून घ्यावेत, आणि बधिर पाय गरम पाण्याने शेकू नयेत. रात्री बाथरूमच्या वाटेवर मंद दिवा आणि कमोडशेजारी आधाराचा पक्का दांडा, या दोन गोष्टी सर्वांत स्वस्त आहेत आणि सर्वांत जास्त पडणी वाचवतात.

आणि निवड रुग्णाला विचारूनच करावी. कोणते साधन, असे विचारण्याआधी कुठे जायचे आहे, ते विचारावे. कोणाला सकाळी कोपऱ्यावरच्या वाचनालयात जायचे असते, कोणाला गडकरी रंगायतनला नाटक पाहायचे असते, कोणाला नातीच्या शाळेच्या फाटकापर्यंत. बाबासाहेबांना त्या दिवशी नागपूरच्या मंचापर्यंत पोहोचायचे होते. जायचे ठिकाण ठरले की काठी हाती घेणे सोपे जाते.

दरवर्षी ६ डिसेंबरला कल्याण, ठाण्याहून दादरकडे जाणाऱ्या लोकलमध्ये पांढऱ्या कपड्यांतली वृद्ध माणसे दिसतात. काहींच्या हातात काठी असते, काहींचा हात नातवाच्या खांद्यावर असतो. चैत्यभूमीच्या रांगेत ती तासन्‌तास उभी राहतात. माळ्यावरची काठी या आठवड्यात खाली काढा, तिची टोपी तपासा, उंची मोजा, आणि बाबांना कुठे जायचे आहे ते विचारा.